दसरा काढताना धुतलेली वाळू

जमलेल्या बायांनो, बापयांनो, गुरुजी, आन येडशीहून आलेल्या सुवार्ताताई, तुमाला समद्यांला माझा नमस्कार.

गुरुजी, हा माइक जरा खाली करा. मी ठेंगणी बाई. हां, बास.

गुरुजी म्हणले, सोजरबाई, दोन शब्द बोला. दोन शब्दांत माझं भागायचं न्हाय, आधीच सांगते. गल्लीत भांडायचं म्हणलं तर मला माइक लागत न्हाय, हे तुमाला ठाऊक हाय. पण आज बोलायचंय ते भांडण न्हाय. सांभाळून घ्या.

बाहेरून आलेल्या पाव्हण्यांला मी माहीत नसंन. मी सोजरबाई. वेशीच्या आतलं तिसरं घर माझं. ह्या गावात पाण्याचा वाळूचा फिल्टर पहिल्यांदा माझ्या घरी बसला. बसवणारा माणूस म्हंजे मिशनचे शांतवनभाऊ. आज ज्यांच्यासाठी आपुन बसलोय ते. मागल्या आठवड्यात दुसऱ्या एका गावात फिल्टरचा लोखंडी साचा उचलताना त्यांच्या छातीत कळ आली. तिथंच खाली बसले. ते काय उठले न्हाईत. येडशीला त्यांला माती दिली. आपल्या गावातून मातीला कोण गेलं? गुरुजी गेले. एकटे. मी गेले न्हाय. माझी हिंमत झाली न्हाय.

आत्ता गुरुजी त्यांच्याबद्दल चांगलं बोलले. ते समदं खरं हाय. पण मी चांगलं बोलायला उभी ऱ्हायले न्हाय. तीन वर्सांमागं नवरात्रात आपल्या गावात जे झालं, त्याचा कसूर ह्या माणसाच्या माथी बसला. त्यो कसूर त्यांचा नव्हता. कुणाचा व्हता ते मला तवापासून माहीत हाय. आज ते सांगायचंय. सुवार्ताताई, तुमी भाऊंच्या मालकीण, तुमी ऐका. आन अंजना, तू तर ऐकच बाई.

शांतवनभाऊ पहिल्यांदा आले तवा मी दारात भांडी घासत व्हते. टेम्पोतून कंबरेएवढा सिमेंटचा डबा उतरवायले व्हते. मी म्हणलं, कोण ओ तुमी? म्हणले, मिशनकडून आलोय, पाण्याच्या कामाला. मी काय सोडती व्हय? मी म्हणलं, असं का! पाणी पाजून बाटवायला आलात व्हय? तसे हसले. म्हणले, "आक्का, बाटवायलाच यायचं असतं तर काहीतरी हलकं आणलं असतं. हे धोंडं कशाला वाहिलं असतं?" मलाबी हसू आलं. चहा केला. केला खरा, पण कप वेगळा काढला. त्यांनी त्यो कप बघितला, चहा पिला, आन स्वतः इसळून पालथा घालून ठेवला. त्यांला कळलं व्हतं. मला वाटलं, न्हाय कळलं.

त्यो फिल्टर म्हंजे काय, ते पाव्हण्यांला सांगते. डब्यात खाली खडी, वर बारीक वाळू, चाळून धुतलेली. वरून घागर ओतायची. वाळूतून पाणी झिरपतं आन बाजूच्या नळीतून निघतं. लाईट न्हाय, बटण न्हाय. आपली विहीर वढ्याच्या काठाला. पावसाळ्यात वढ्याचं समदं घाण तिच्यात उतरतं. दर साली आषाढ-श्रावणात कुणाच्या ना कुणाच्या घरी हगवण, उलट्या, सलाईन. ते आपल्याला नवं नव्हतं.

आन भाऊंनी मला जे सांगितलं ते आता नीट ऐका. माझ्या सैपाकघरात, उंबऱ्यापाशी बसून सांगितलं. "आक्का, वाळूच्या वर चार बोटं पाणी कायम राहू द्या. कोरडी पडू देऊ नका. महिनाभरात वाळूवर साय धरंल. दुधावर धरते तशी. पण मळकट, चिकट. तुम्हाला किळस येईल. ती घाण नाही. पाण्यातलं वंगाळ तीच खाते. ती मोडली तर हा नुसता डबा. धार बारीक झाली तर वरचं पाणी हातानं हळू ढवळा, गढूळ झालेलं वाटीनं काढून टाका. वाळूला हात लावू नका. अन् लावायचीच पाळी आली तर मला निरोप द्या. मी येईपर्यंत पाणी उकळून प्या."

मी म्हणलं, कळलं. ते म्हणले, म्हणून दाखवा. म्या म्हणून दाखवलं. परत म्हणले, म्हणून दाखवा. तीन बारी म्हणून घेतलं माझ्याकडून. मी चिडले. म्हणलं, मी काय बालवाडीतली हाय? तर म्हणले, "गल्लीची जिम्मेदारी तुमच्यावर टाकतोय आक्का. तुमचं इथं समद्या ऐकतात." ते मातर खरं व्हतं. माझं समद्या ऐकत व्हत्या.

पंधरा-सोळा घरांत आन एक ह्या शाळंत, असे फिल्टर बसले. मी दारोदार फिरून बघायची. हिची वाळू कोरडी पडली का, तिनं झाकण ठिवलं का. अंजना, माझ्या भिंतीला भिंत तुझी. तुझा फिल्टर तर मी रोज बघायची. तुझी रेणू तवा रांगत व्हती, त्या डब्याला धरून उभी ऱ्हायला शिकली. ते साल आषाढ गेला, श्रावण गेला, आपल्या गल्लीत कुणाला सलाईन लागलं न्हाय. भाऊ महिन्याला यायचे, नळीखाली ओंजळ धरून पाणी प्यायचे आन म्हणायचे, ग्वाड हाय.

त्या सालच्या नवरात्रात म्या डबा नुसता वरनं पुसला व्हता. मग दुसऱ्या साली नवरात्र आलं.

आपल्याकडं घट बसायच्या आधी दसरा काढतेत. वाकळा, चादरी, पडदे, डबे, फडताळ, देव्हारा. घरातली चिंधीसुदा धुतल्याबगर ऱ्हात न्हाय. आन ह्या कामात माझा हात धरणारी कुणी नव्हती. मला त्याची लई घमेंड. मी आधी काढायची दसरा, मंग गल्ली माझ्या मागनं.

समदं धुऊन झालं. फिल्टरचं झाकण उचललं. आत वाळूवर ती साय. हिरवट, बुळबुळीत. मला भाऊंचं बोलणं ध्यानात व्हतं. इसरले नव्हते मी. कुणी म्हणंल बाई अडाणी, इसरली असंल. न्हाय. तीन बारी म्हणून घेतलेलं कसं इसरंल? मला शब्दन् शब्द पाठ व्हता.

पण मनात आलं, उद्या ह्याच पाण्यानं घट भरायचा. देवीच्या म्होरं हे बुळबुळीत ठिवायचं व्हय? आन अजून एक मनात आलं. ते मी कुणालाच सांगितलं न्हाय, माझ्या मालकालाबी न्हाय. मनात आलं, ही वाळू ख्रिश्चनाच्या हातची. त्याच्या हातानं भरलेली. घटाच्या आधी एकदा आपल्या हातानं शुद्ध करावी. सुवार्ताताई, हे तुमच्या म्होरं बोलायची लाज वाटते. पण असंच आलं व्हतं मनात.

म्या वाळू काढली. घमेल्यात घेऊन राख लावून चोळली. तीन-चार पाण्यानं धुतली. निर्मळ होऊस्तोर धुतली आन परत भरली. मंग घागर वतली. अवो, काय धार लागली! आधी करंगळीएवढी यायची, आता आंगठ्याएवढी. पाणी कसं, काचंसारखं. मी अंगणात येऊन वरडले, अगं या गं समद्या, बगा! त्यो शांतवन उगं भ्या दाखवत व्हता!

बाया आल्या. बघितलं. आन आपापल्या घरी गेल्या, घमेली घेतली.

तवा अंजना माझ्याकडं आली. कडंवर रेणू. मला म्हणली, "आक्का, धू का नगं? भाऊ तर म्हणले व्हते, हात लावू नका. त्यांला फोन करून ईचारू का?" असंच म्हणली ना गं अंजना? ह्या गावात एकटीनं ईचारलं. एकटीनं. आन म्या काय म्हणलं, ते तू कुणाला सांगितलं न्हाईस. मी सांगते. म्या म्हणलं, "फोन कशाला? घरात घाण ठिवून घट बसवतीस व्हय? धू की मुकाट्यानं." आन ही नको-नको करायली म्हणून रेणूला म्या माझ्या कडंवर घेतलं, हिच्या हातात घमेलं दिलं.

घट बसले. पाणी दिसायला एवढं निर्मळ, की ज्या दोन-चार घरांत उकळून प्यायची सवय व्हती त्यांनीबी सोडली. म्याच सांगितलं, एवढ्या चांगल्या पाण्याला कशाला जाळ घालतेव म्हणून.

पाचव्या माळेला गल्लीत उलट्या सुरू झाल्या. सहाव्या माळेला आठ-दहा घरं पडली. माझा मालक पडला, मी पडले. सातव्या माळेला दुपारी रेणूचे डोळे आत गेले. ओठ फाटले, रडलं तर डोळ्याला पाणी येईना. भूमच्या दवाखान्याला जायला जीप केली. जीपमधी अंजना आन मी. फाट्याच्या पुढं गेलो, भूम अजून लांब व्हतं, तर अंजना म्हणली, आक्का, पोरगी झोपली बगा. म्या हात लावून बघितलं. मला कळलं. हिला मी दवाखाना येईस्तोर सांगितलं न्हाय.

अडीच वर्साची व्हती रेणू.

सुतक पडलं. सुतकात घराला घट हलवता येत न्हाय, दुसऱ्याच्या हातानं हलवावा लागतो. अंजनाचा घट कुणी हलवला? म्या. धान चांगलं ईतभर उगवलं व्हतं. म्या ते उपटलं, घट उचलला, त्यातलं पाणी पाहिलं. ह्याच हातांनी वाळू धुतली, ह्याच हातांनी घट हलवला. तवाबी मी बोलले न्हाय.

मंग ग्रामसभा बसली. इथंच, ह्याच शाळंच्या पटांगणात. तुमी समदे व्हता. शांतवनभाऊंला बोलावलं. एकटे आले, मोटरसायकलवर. त्यांला खुर्चीबी दिली न्हाय कुणी. कुणी म्हणलं, वाळूत काहीतरी घातलं. कुणी म्हणलं, धर्माचं पाणी व्हतं, देवीनं कोप केला. कुणी लई वंगाळ बोललं, ते मी सुवार्ताताईंच्या म्होरं बोलत न्हाय. पोरगी मेली, ह्याला जिम्मेदार कोण, सांग!

त्यांनी काय ईचारलं? एकच ईचारलं. "वाळूला कुणी हात लावला होता का?"

बायांनो, आठवतंय का? कुणी बोललं? एकीनं दुसरीकडं बघितलं, आन मंग समद्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पदर पुढं वढला. भाऊंनी त्या नजरा बघितल्या. माझ्याकडं बघितलं. त्यांला त्या टायमाला समदं कळलं. मी बघितलं ना, त्यांला कळताना.

आन हा माणूस काय म्हणला? "चूक माझी आहे. समजावण्यात मी कमी पडलो." एवढंच बोलला. परत ईचारलं तरी तेच बोलला. अंजनाच्या मालकानं त्यांची गचांडी धरली तरी तेच. हात जोडले, मोटरसायकलीला किक मारली आन गेले. त्याच दिवशी आपुन फिल्टर फोडले. जे फुटले न्हाईत त्यात आता म्हशी पाणी पितेत.

एकच फिल्टर ऱ्हायला. ह्या शाळंतला. त्याचं पाणी चांगलं का ऱ्हायलं? कारण शाळंचा दसरा कुणी काढत न्हाय. त्याची वाळू कुणी धुतली न्हाय. आरोग्यवाल्या पोरी येऊन बाटल्या भरून घेऊन गेल्या व्हत्या. शाळंचं पाणी चांगलं निघालं, घरांचं खराब निघालं. गुरुजी, तुमाला त्याचा कागद आला व्हता. तुमी त्यो कुणाला वाचून दाखवला न्हाय. मी तुमाला बोल लावत न्हाय. मी कोण लावणार? पण तुमीबी गपच बसलात.

मंग भाऊंनी गावात पाय ठिवला न्हाय. पण महिन्याला एक बारी फाट्यावर यायचे. आशाताई, तू सांग, खोटं असंल तर. फाट्यावर उभं ऱ्हाऊन तुझ्याकडं पाण्यात टाकायच्या औषधाच्या बाटल्या द्यायचे ना? म्हणायचे, माझं नाव सांगू नको, सरकारचं हाय म्हणून वाट. आपुन तीन वर्सं त्यांच्याच बाटलीचं पाणी पितोय.

मला ते एकदा भूमच्या बाजारात भेटले. मी कोथिंबीर निवडत व्हते. मागनं आवाज आला, आक्का, पाणी उकळून पिताय ना? मला तिथं रडूच फुटलं; अंजनानं ईचारलेलं, म्या तिला दटावलेलं, समदं सांगून टाकलं. मी ईचारलं, भाऊ, का म्हून माझं नाव घेतलं न्हाय? ते म्हणले, "घेतलं असतं तर काय झालं असतं? अंजनाची अन् तुमची भिंत एक. तिला आत्ता आधाराला दुसरं कोण आहे? ती तुमच्याच गळ्यात पडून रडणार. ते तरी राहू दे तिला. मी काय, मोटरसायकलवर बसून निघून जाणारा माणूस." मंग म्हणले, "पण आक्का, हे मी सांगणार नाही. कधीतरी तुम्हीच सांगा तिला. तिनं बरोबर विचारलं होतं, हे तिला कळलं पाहिजे. नाहीतर ती जन्मभर स्वतःलाच खात बसंल."

मी म्हणलं, सांगते भाऊ. आयशप्पथ सांगते.

दोन वर्सं झाली त्या बाजाराला. रोज अंजना माझ्या दारावरून जाते. आक्का, मीठ हाय का? आक्का, जरा दळण बगा. आन रोज मी म्हणायची, उद्या सांगीन. भाऊ जिवंत हाईत तवर त्यांच्या म्होरंच सांगू, असं मनाला समजावत व्हते. आता ते गेले. मला सांगायला कुणाचा आडोसा ऱ्हायला न्हाय.

आज सकाळी सुवार्ताताई गाडीतून उतरल्या. मी त्यांला बाजूला घेतलं. ईचारलं, ताई, भाऊ घरी आमच्या गावाचं काय बोलायचे? मला वाटलं, बायकोला तरी खरं सांगितलं असंल. ताई म्हणल्या, "ते एवढंच म्हणायचे, त्या गावात माझ्याकडून एक लेकरू गेलं. रोज प्रार्थनेत त्या पोरीचं नाव घ्यायचे अन् माफी मागायचे." ऐकलंत का? ह्या माणसानं स्वतःच्या बायकोलाबी सांगितलं न्हाय. ताईंनी इतके दिवस हेच धरलं, की आपल्या नवऱ्याच्या हातून पोर मेलं. तसंच धरून त्यांनी त्यांला माती दिली.

सुवार्ताताई, तुमच्या नवऱ्याच्या हातून कुणी मेलं न्हाय. त्यांनी नीट सांगितलं व्हतं. तीन बारी सांगितलं व्हतं. मी ऐकलं न्हाय.

अंजना, तू बरोबर ईचारलं व्हतंस. तुझी काहीच चूक न्हाय गं. तुझ्या हातात घमेलं म्या दिलं. रेणू माझ्यामुळं गेली. मला माफ कर असं मी म्हणत न्हाय. म्हणायला तोंड न्हाय मला.

आता गुरुजी उठतील आन म्हणतील, दोन मिनिटं शांत उभं ऱ्हाऊ या. जरा थांबा गुरुजी. ह्या पटांगणात ह्या माणसाच्या म्होरं आपुन एकदा गप बसलोय. त्यांनी एक सवाल केला व्हता, त्याचा जबाब अजून दिला न्हाय. आधी त्यो देऊ.

वाळूला कुणी हात लावला व्हता का?

व्हय. म्या लावला व्हता. हा बगा माझा हात. ज्या ज्या बाईनं त्या दसऱ्याला वाळू काढली, तिनं उभं ऱ्हावं आन हात वर करावा. बघताव काय एकमेकींकडं? भाऊ काय आता तुमाला ईचारायला यायचे न्हाईत. पण त्यांची बायको बसलीय म्होरं.

काशीबाई. हां, ऊठ. पारूबाई. राधाबाई, तुमी. मागं कोण हाय, ती नवी सून न्हाय, तिची सासू. व्हय, तुमीच. हात वर घ्या, नीट वर.

न्हाय अंजना. तू नको. तुझा हात खाली घे. तुझ्या वाटणीचा माझाच हाय.

अंजना... जाऊ द्या तिला. कुणी अडवू नका. वाट द्या. आज ती माझ्याकडं बघितल्याबगर गेली, उद्या दारावरूनबी जायची न्हाय. मला मंजूर हाय.

सुवार्ताताई, मान वर करा. हे हात बगा. घरी जाऊन प्रार्थनेला बसताल तवा रेणूचं नाव घ्या, पण तुमच्या घराच्या नावानं माफी मागू नका.

शांतवनभाऊ, ह्या गावाचा तुमाला उशिराचा नमस्कार.

आता दोन मिनिटं गप ऱ्हाऊ. हात कुणी खाली घ्यायचा न्हाय.